एका शब्दाची चुकलेली फोड

इंग्रजीतला ‘थग’ हा शब्द आपल्याकडून गेला, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे. पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि हा शब्द फळ्यावर लिहिल्याशिवाय माझा आठवीचा एकही वर्ग पुढे सरकला नाही. फळ्याच्या डावीकडे इंग्रजी ‘थग’, उजवीकडे मराठी ‘ठग’ आणि मधे एक बाण, मराठीकडून इंग्रजीकडे जाणारा. इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणारी मुलं तो बाण बघून ताठ व्हायची. ज्या भाषेची आपल्याला धास्ती वाटते, तीच आपल्या दारी उसनं मागायला आली होती, हे त्यांना कळावं म्हणून मी तो काढायचे. त्या बाणाचा मला फार अभिमान होता.

आता तो राहिलेला नाही. का राहिला नाही, ते सांगायचं आहे, आणि त्यात एका मुलाची गोष्ट आहे, जी मी बरीच वर्षं घरातही सांगितली नव्हती.

आधी जे खरं होतं आणि आजही खरं आहे, ते सांगते. संस्कृतात ‘स्थग्’ असा धातू आहे. अर्थ झाकणं, लपवणं. ‘स्थान’चं जसं ‘ठाणं’ झालं, तसा त्या धातूपासून प्राकृताच्या वाटेनं ‘ठग’ आला, असं व्युत्पत्तीचे कोश सांगतात. ठग म्हणजे मनातलं झाकून समोर येणारा. मराठीत त्याची भावकी मोठी आहे. ठक, ठकडा, ठकणं, ठकवणं, ठकसेन, आणि ‘ठकास महाठक’ ही म्हण. माझी आजी आमच्या तेरेखोल गावात बसून शेजारच्या रेडीच्या मासळीवालीबद्दल ‘माका ठकवल्यान’ म्हणायची, आणि रेडीची मासळीवाली बहुधा आजीबद्दल तेच म्हणत असावी. याच भावकीत आणखी एक शब्द आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: स्थगित. कोर्टाची स्थगिती आणि ठग, दोघांचं कूळ एक. पेडण्यात जमिनीला भाव आला, मोपाचा विमानतळ झाला, तेव्हापासून ही दोन भावंडं वर्तमानपत्रात कधीकधी एकाच बातमीत दिसतात.

पुढची गंमत तर मला स्वतःला अजून भुरळ घालते. त्याच मुळाचे नातलग युरोपात पसरलेले आहेत. लॅटिनमध्ये ‘तेगेरे’ म्हणजे झाकणं. त्यावरून इंग्रजीत ‘प्रोटेक्ट’ आलं, पुढे आवरण धरणं. ‘डिटेक्टिव्ह’ आलं, झाकण काढणारा. पोर्तुगीजमध्ये घराचं कौल म्हणजे ‘तेल्या’, तेही तिथूनच. गवताचं छप्पर शाकारायला इंग्रजीत ‘थॅच’ म्हणतात, तो ‘थग’चा लांबचा चुलतभाऊ. केरीहून तेरेखोलला येताना फेरीबोटीच्या ज्या डेकवर आपण उभे असतो, तो ‘डेक’सुद्धा डच भाषेतून आलेला याच घरातला. हे सगळं मी मुलांना सांगायचे, आणि सांगताना मलाच आनंद व्हायचा.

या आनंदातून माझा एक सिद्धांत तयार झाला होता. शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा अर्थ, बाकी सगळा गाळ. इंग्रजीत ‘थग’ म्हणजे गुंड, मारामाऱ्या करणारा, हा गाळ. कुणी ‘थग’चं भाषांतर ‘गुंड’ असं केलं की मी लाल शाईनं गोल करायचे. पुढे एकदा नात्यातल्या एका मुलानं मोबाइलवर ‘थग लाइफ’ असं काहीतरी दाखवलं, तेव्हाही मी त्याला दहा मिनिटं स्थग् धातू समजावला. अमेरिकेत टुपाक शकूर नावाच्या काळ्या गायकानं ते दोन शब्द पोटावर गोंदवून घेतले होते, हे त्या मुलाला माहीत होतं आणि मला नव्हतं. त्याला काय सांगायचं होतं, ते मी ऐकून घेतलं नाही.

व्युत्पत्ती झाली की मी गोष्ट सांगायचे. रस्त्यात प्रवाशांशी गोड बोलून सोबत करणारे, विश्वास बसला की रुमालानं गळा आवळणारे, भवानीचे भक्त, स्वतःची ‘रामसी’ नावाची गुप्त भाषा असणारे ठग. बापाकडून मुलाकडे चालत आलेला धंदा. आणि त्यांचा नायनाट करणारा जबलपूरचा विल्यम स्लीमन. विक्रमांच्या पुस्तकात बेहराम ठगाच्या नावावर ९३१ खून नोंदलेले होते, तो आकडा मी फळ्यावर मोठा काढायचे. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. पेडण्याच्या भगवतीच्या देवळात दसऱ्याला गर्दी करणारी आम्ही माणसं, देवीची भक्ती हा गुन्हेगारीचा पुरावा म्हणून मी किती सहज सांगत होते, हे तेव्हा माझ्या मनालाही शिवलं नाही.

१९९४ सालची गोष्ट. पाट्या-रगड्यांना टाकी लावणाऱ्यांचं एक कुटुंब पावसाळा संपल्यावर बाजाराजवळच्या मोकळ्या जागेत पाल ठोकून राहिलं होतं. मिक्सर घरोघर आले होते, तरी नारळाचं वाटण दगडावरच लागतं असं मानणाऱ्या बायका आमच्याकडे पुष्कळ होत्या, त्यामुळे त्यांना काम होतं. त्यांचा एक मुलगा शाळेत आला. कागदपत्रं धड नव्हती, तरी मुख्याध्यापकांनी बसू दिलं. त्याचं मराठी सोलापूरकडचं होतं. मुलं त्याच्या बोलण्याला हसायची, तोही त्यांच्यासोबत हसायचा. सगळ्यांशी गोड बोलायचा. सुबक दगडी गोट्या आणून वाटायचा.

त्याच आठवड्यात मी ठगांची गोष्ट सांगितली. ती दरवर्षी त्याच सुमाराला यायची, मुद्दाम सांगितली असं नाही. दोन-तीन दिवसांनी एका मुलीचे सहलीचे पन्नास रुपये हरवले. मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातून जात होते, तर मुलं त्याच्याभोवती कोंडाळं करून ‘ठग, ठग’ म्हणत होती.

मी थांबले. इथपर्यंत ठीक आहे. मग जे बोलले ते मला शब्दशः आठवतं. ‘ठग म्हणजे चोर नव्हे. चोर लपून नेतो, ठग आधी विश्वास मिळवतो. शब्द वापरायचा तर नीट वापरा.’ एवढं बोलून मी शिक्षकांच्या खोलीत गेले. शब्दाचा अर्थ दुरुस्त केल्याचं समाधान मला होतं.

मुलांनी माझं ऐकलं. ती त्याला चोर म्हणेनाशी झाली. ठगच म्हणू लागली, कारण तो गोड बोलायचा.

सगळे मिळून तो बारा-तेरा दिवस आला असेल. मग पाल उठलं. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी लाल रेघ ओढली आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘गाव सोडले’ असं लिहिलं. पैसे कुणी घेतले ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानं घेतले नव्हते असं सिद्ध व्हावं, म्हणजे गोष्ट पूर्ण होईल, असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. त्यानं ते घेतले असते, तरी मी जे केलं ते तेवढंच वाईट राहिलं असतं. त्या वेळी मला पश्चात्ताप झाला नाही, हेही लिहून ठेवते. पुढच्या वर्षीच्या आठवीला मी बाण काढला, गोष्ट सांगितली, आकडा लिहिला.

मन बदललं ते निवृत्तीनंतर, आणि तेही एकदम नाही. २०१७ च्या मराठी भाषा गौरव दिनाला पेडण्यात एका वाचनालयात बोलायचं होतं. विषय मीच सुचवला, इंग्रजीत गेलेले मराठी शब्द. ३१ वर्षांत जे मी दुसऱ्यातिसऱ्या हातानं घेतलेलं होतं, ते या वेळी मुळातून वाचायचं ठरवलं. स्लीमनचं पुस्तक १८३६ साली कलकत्त्यात छापलेलं आहे, ‘रामसीआना’. नाव भाषेवरून दिलेलं, आणि त्यात त्या भाषेचा शब्दकोश. मी कोशाची वेडी, मला तो हातात घेऊन हर्ष व्हायला हवा होता. पण ज्या माणसांचा तो कोश आहे, त्यातली बहुतेक बंदीत होती, आणि सांगणारे माफीचे साक्षीदार होते. जो आणखी नावं देईल त्याचा फास टळणार होता. अशा माणसानं सांगितलेल्या शब्दांवरून एक जमात, एक धर्म, एक वंशावळ उभी राहिली होती. रस्त्यावर गळा आवळून लुटणाऱ्या टोळ्या होत्याच, त्यांचे बळी खरे होते, त्यात शंका नाही. पण टोळ्या असणं वेगळं, आणि देशभर पसरलेला, रक्तातून उतरणारा एकच पंथ असणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीवर आजचे इतिहासकार प्रश्न विचारतात. मी ती शंकेशिवाय शिकवली होती.

तीन वर्षांनी, १८३९ मध्ये, फिलिप मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ थग’ ही कादंबरी आली. टेलर निजामाच्या चाकरीत होता, पुढे नळदुर्गाला राहिला, म्हणजे आपल्याच मुलखातला अधिकारी. त्या कादंबरीत बोलतो ठग आणि लिहून घेतो साहेब. तिच्यामुळे हा शब्द इंग्लंडात घरोघर पोचला. मुलांना मी जी गोष्ट सांगायचे, तिचा थरार पुष्कळसा या कादंबरीचा होता.

कादंबरीपेक्षा मला हादरवलं ते कायद्यानं. १८३६ चा ३० वा कायदा अगदी छोटा आहे. जो कुणी ठगांच्या टोळीत होता असं सिद्ध होईल, कायदा होण्याआधी असो वा नंतर, त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप. त्यानं कुणाला मारलं, कधी, कुठे, हे सिद्ध करायची गरज नाही. आणि ठग म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात नाही. मी ते दोनदा वाचलं. ज्या शब्दाची फोड करण्यात माझी हयात गेली, तो शब्द फोड न करता माणसाला जन्मभर कोंडायला पुरेसा होता. व्याख्या आली १८६० च्या भारतीय दंड संहितेत, कलम ३१० मध्ये. ते कलम २०२४ च्या ३० जूनपर्यंत कायद्यात होतं. १ जुलैला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ठग नाही.

फळ्यावरचा बाण मला पुन्हा दिसला तो इथे. मी एकच बाण काढत होते, जाणारा. परत येणारा मी कधी काढलाच नव्हता. गेला तेव्हा या शब्दात फसवणाऱ्या माणसाचं कर्म होतं. परत आला तेव्हा त्यात कूळ होतं, जन्म होता. पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा झाला, त्याचा तर्क हाच. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. १९११ मध्ये तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली, माणसांनी दिवसातून ठरल्या वेळी हजेरी द्यायची. १९५२ च्या ३१ ऑगस्टला या जमाती कायद्यातून मुक्त झाल्या, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ मी पूर्वी वाचलेलं होतं, वाचनालयात त्यावर बोललेही होते. पण त्या पुस्तकातलं गाव आणि माझा आठवीचा वर्ग यांच्यात काही नातं असेल, असं मला सुचलं नव्हतं.

याला एक कारण तेरेखोलही आहे. आमचं गाव गोव्यात, पण खाडीच्या उत्तरेला, जमिनीनं पाहिलं तर सिंधुदुर्गाला चिकटलेलं. किल्ला सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आणि मग १९६१ पर्यंत आमच्यावर लिस्बनचे कायदे होते. शेजारच्या रेडीत ब्रिटिशांचे. म्हणजे ठग असणं हा रेडीत गुन्हा होता, तेरेखोलात तशा नावाचा गुन्हाच नव्हता. हजेऱ्या, कुंपणं, वसाहती हे सगळं पलीकडच्या लोकांचं, असं मी गृहीत धरलेलं होतं. सोलापूरहून दगडांना टाकी लावत लावत पेडण्यापर्यंत आलेल्या त्या कुटुंबाला कदाचित हेच हवं होतं, जिथे आपलं नाव कुणाला ठाऊक नाही असं गाव. तिथे ते नाव मी फळ्यावर लिहिलं.

भाषणाच्या आठवडाभर आधी माझी भाची आली. ती शिरोड्याकडे शिक्षिका आहे. तिच्या पिशवीत शाळेच्या प्रवेशाचे कागद होते, त्यात महाराष्ट्र शासनाची विमुक्त जातींची यादी. चौदा नावं. बेरड, कैकाडी, रामोशी, वडार अशी. पुन्हा वरून वाचताना तिसऱ्या नावाशी थांबले: भामटा. त्याच्या खाली पोटजाती. त्यात टकारी, म्हणजे दगडाला टाकी लावणारे. त्यात उचले. त्यात घंटीचोर. सरकारी कागदावर, मुलाच्या प्रवेशासाठी, जातीच्या रकान्यात ‘चोर’ ही अक्षरं लिहावी लागतात.

भामटा हा शब्द मी आयुष्यात किती वेळा वापरला असेन! निबंधात, गप्पांत, पेपरातली बातमी मोठ्यानं वाचताना. मला तो ठगाचा साधा समानार्थी वाटायचा. आता माझाच सिद्धांत मी त्याला लावून बघितला. मूळ अर्थ तो खरा अर्थ. मग भामटा या शब्दाच्या मुळाशी मला जिवंत माणसं सापडली, शाळेत नाव घालायला आलेली. शब्द आधी असो की जात आधी, आज दोन्ही एकाच अक्षरांत लिहिले जातात, आणि आपण फसवणाऱ्याला शिवी देताना त्या मुलांच्या दाखल्यावरचं नाव उच्चारतो. सिद्धांत तिथेच संपला. मुळाशी गेलं की शब्द स्वच्छ होतो, या माझ्या श्रद्धेला पुढे वाटच उरली नाही.

यादीतलं शेवटचं नाव छप्परबंद. शाकारणारे. मोगलांच्या फौजांबरोबर राहून छपरं घालणारे, अशी त्यांची परंपरा सांगतात. इंग्रजांनी त्यांना खोटी नाणी पाडणारी जमात म्हणून नोंदवलं. ‘थॅच’ आणि ‘थग’ चुलतभाऊ, हे मी किती कौतुकानं सांगत होते! इथे ते दोन्ही शब्द एकाच माणसाच्या माथ्यावर लिहिलेले होते, आणि मला त्यातलं काहीच कौतुकाचं वाटेना. माझ्या आजोबांच्या काळी तेरेखोलचं आमचं घर चुडतांनी शाकारलेलं होतं. दर वर्षी मिरगाच्या आधी माणसं यायची, छपरावर चढायची. कोण होती, कुठून यायची, कुणी विचारलं नाही.

त्या रात्री मी भाचीला त्या मुलाबद्दल सांगितलं. पहिल्यांदाच. ती म्हणाली, ‘मावशी, नाव काय होतं त्याचं?’ पहिलं नाव मला आठवलं. आडनाव आठवलं नाही. हजेरीपटावर ते मी माझ्या हातानं लिहिलेलं होतं.

भाषण झालं. विषय जाहीर झालेला होता, म्हणून शब्दांपासूनच सुरुवात केली. स्थग् सांगितला, स्थगिती सांगितली, तेल्या आणि डेक सांगितले. मग दोन्ही बाण काढले. जाणारा आणि येणारा. कायदा सांगितला, यादीतली चौदाही नावं वाचली, आणि व्हरांड्यात मी काय बोलले तेही सांगितलं. माझे काही जुने विद्यार्थी समोर होते, आता चाळिशीच्या आसपासचे. त्यातला एकजण १९९४ च्या वर्गातला. तो मान खाली घालून बसला होता. त्यानं नंतर येऊन काही म्हटलं नाही, मीही त्याला थांबवलं नाही. दोष त्याचा नव्हता, पण ते त्याला त्या गर्दीत सांगता आलं नसतं.

शेवटी मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले. आयुष्यभर पेपर विकलेले, मथळे तोंडपाठ असणारे. म्हणाले, ‘बाई, मगे पेपरात भामट्यान लुटल्यान असा बरयतत, ता बरोबर न्हय?’

‘मी तरी म्हणणार नाही,’ मी सांगितलं.

‘मगे काय म्हणूचा?’

‘फसवणारा म्हणा. ज्यानं फसवलं तो माणूस.’

ते जरा विचारात पडले. ‘लांब जाता,’ म्हणाले.

‘लांब जाऊ दे,’ मी म्हटलं.